जरा उलटा करून फोटो पाठव

रात्रीचे साडेअकरा वाजले असतील, मैत्रिणीचा मेसेज आला. एक फोटो आणि खाली एक ओळ, "अगं हे बघ, आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत सापडलं, रेअर आहे का?" फोटोत काळपट कापडाचा तुकडा, त्यावर रेशमाने भरलेला जाड 'ओ' आणि त्या 'ओ'मधून निघालेला एकच पंख. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की अर्धा बॅज कुठेतरी फाटून हरवलाय. मी अंथरुणात उठून बसले, चष्मा शोधला, फोटो मोठा करून बघितला आणि तिला लिहिलं, "आधी जरा उलटा करून फोटो पाठव."

तिला ते विचित्र वाटलं असणार. पण युद्धकाळातल्या हवाई दलांचे बॅज बघायचा नाद लागल्यापासून मला कुणी काहीही दाखवलं की माझं पहिलं वाक्य हेच असतं. पुढची बाजू लोकांना दिसावी म्हणून केलेली असते आणि नकली माल बनवणारा माणूसही सगळी मेहनत त्या पुढच्या बाजूवरच घेतो. मागे मात्र टाके असतात, पिनेचे ओरखडे असतात, कारखान्याचा शिक्का असतो, घामाचे डाग, गंज, कधीकधी कुणीतरी सुईने कोरलेली आद्याक्षरं. मला बॅज वाचायचा असतो तो तिथून.

तिचा मागचा फोटो यायला तीन दिवस लागले, कारण ट्रंक परत माळ्यावर गेली होती आणि नवरा कामासाठी बाहेरगावी होता. त्या तीन दिवसांत माझ्या डोक्यात जे काय चाललं होतं ते लिहायचंय.

तर तो अर्धा पंख. तो हरवलेला नाही, तो तसाच असतो. ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये पायलटचा बॅज १९१३ मध्ये मंजूर झाला, दोन पसरलेले पंख, मध्ये पानांचं कडं, वर मुकुट. पण पहिल्या महायुद्धात विमानात दुसराही माणूस बसायचा, जो खाली बघून शत्रूची ठाणी टिपायचा, फोटो काढायचा, वेळ आली की मशिनगन चालवायचा, तो ऑब्झर्व्हर. त्याला १९१५ मध्ये स्वतःचा बॅज मिळाला, 'ओ' आणि एक पंख. पायलटला दोन, याला एक. मला सुरुवातीला हे फार अन्यायाचं वाटायचं, एकाच विमानात बसून, एकाच गोळीने मरायची शक्यता असताना एकाला दोन पंख आणि दुसऱ्याला एक. अजूनही थोडं वाटतं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात याच एका पंखाचे भाऊबंद झाले. १९३९ च्या डिसेंबरात एअर गनरला 'एजी' अक्षरांचा पंख मिळाला, त्याआधी तो बाहीवर पंख असलेली पितळेची गोळी लावायचा. मग बॉम्बर विमानं मोठी झाली, आत सात-सात माणसं बसायला लागली आणि ऑब्झर्व्हरच्या एका कामाची दोन कामं झाली, म्हणून १९४२ मध्ये नॅव्हिगेटरसाठी 'एन', बॉम्ब टाकणाऱ्यासाठी 'बी', फ्लाइट इंजिनिअरसाठी 'ई' असे नवे पंख आले. 'ओ' देणं थांबलं. पण ज्यांनी तो आधी कमावला होता त्यातले बरेच जण तोच लावत राहिले, नवा 'एन' त्यांना नकोच होता, कारण 'ओ' म्हणजे नॅव्हिगेशनही येतं आणि बॉम्ब टाकणंही येतं, आणि मुख्य म्हणजे 'ओ' म्हणजे हा माणूस सुरुवातीपासून आहे. त्यामुळे १९४४ च्या एखाद्या क्रू फोटोत सगळे 'एन', 'बी', 'ई'वाले आणि मध्येच एक 'ओ'वाला दिसला की मी थांबते. एवढी वर्षं उडून हा जिवंत आहे. बॉम्बर कमांड म्हणजे ब्रिटिशांचं बॉम्बर विमानांचं दल, त्यातल्या साधारण १,२५,००० विमानी सैनिकांपैकी ५५,५७३ मेले, हा आकडा डोक्यात ठेवून तो फोटो बघितला की त्या एका अक्षराचा अर्थ कळतो.

म्हणजे मैत्रिणीच्या फोटोतला 'ओ' खरा असेल तर तिच्या आजेसासऱ्यांचं ट्रेनिंग १९४२ च्या नंतरचं नव्हतं. एका अक्षरावरून एवढं कळलं. पण तो खरा आहे का, हे अक्षर सांगत नाही.

इथे नेहमीची एक सोपी युक्ती असते ती म्हणजे मुकुट बघणे. ब्रिटिश बॅजवर १९०१ नंतर जो मुकुट आला त्याच्या कमानी गोल, घुमटासारख्या असतात, त्याला लोक किंग्ज क्राउन म्हणतात. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि मग बॅजवर दुसरा मुकुट आला ज्याच्या कमानी मध्ये खाली दबलेल्या असतात, तो क्वीन्स क्राउन. गोल मुकुट म्हणजे राणीच्या आधीचा, दबलेला मुकुट म्हणजे नंतरचा, एवढं शिकलं की निम्मी कोडी सुटतात असं आम्ही सगळेच नव्या माणसाला सांगत आलो. पण २०२२ मध्ये चार्ल्स राजाने परत तो गोल कमानींचा मुकुट निवडला, त्यामुळे आता नवेकोरे बॅजही गोल मुकुटाचेच येतायत आणि आणखी वीस वर्षांनी कुणीतरी त्यातलाच एक मळलेला बॅज उचलून महायुद्धातला म्हणून दाखवणार आहे. नियम पाठ करणाऱ्याची तिथे फजिती होणार. आणि या एका पंखावर तर मुकुट नसतोच, म्हणजे ती युक्ती इथे मुळातच कामाची नाही. उरतं काय, कापड आणि टाके.

कापडाबद्दल बोलायचं तर मला माझी एक चूक सांगावीच लागेल. ती मी फार कमी लोकांना सांगितलीय.

नवीन नवीन शिकत होते तेव्हा मी एक अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेतला होता. त्याचं तत्त्व सोपं आहे. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत आणि नव्या धाग्यांत जी रसायनं घालतात ती महायुद्धानंतर सर्रास वापरात आली, आणि ती या जांभळ्या उजेडात निळीपांढरी चमकतात. जुनं सूत, जुनं रेशीम, जुनी लोकर मंद दिसते. तसंच टेरिलिनचं, म्हणजे पॉलिएस्टरचं, त्याचा शोध १९४१ मध्ये लागला असला तरी पॉलिएस्टरचा धागा बाजारात युद्ध संपल्यानंतरच आला. म्हणून अंधार करायचा, टॉर्च मारायचा, बॅज दिव्यासारखा पेटला तर तो नंतरचा. मला हे कळलं तेव्हा किल्लीच सापडल्यासारखं झालं होतं, येईल त्या बॅजवर मी टॉर्च मारत सुटले होते.

अशातच ओळखीतून एक आजोबा आले. त्यांचा मोठा भाऊ पायलट होता, युद्धातून परत आला नाही, आणि घरी त्याच्या विंग्ज, म्हणजे पायलटचा तो दोन पंखांचा बॅज, तेवढ्या राहिल्या होत्या, गोल मुकुटाच्या, मध्ये भरीव, आतून गादीसारख्या फुगवलेल्या. त्यांनी त्या रुमालात गुंडाळून आणल्या होत्या. मी दिवे घालवले, टॉर्च मारला आणि अख्खा पंख निळा पेटला. मी त्यांना सांगितलं, आजोबा, हे त्या काळातलं नाही, नंतर कुणीतरी बनवलेलं आहे. ते काही बोलले नाहीत. रुमालाची घडी होती तशीच परत घातली, "बरं" म्हणाले आणि गेले.

ते "बरं" माझ्या कानातून जाईना. दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी त्या विंग्ज उलट्या करून नीट बघितल्याच नव्हत्या. टॉर्चने उत्तर दिलं आणि मी प्रश्न विचारायचं थांबले. मी फोन केला, सुनेने उचलला, मी विचारलं की तो बॅज कधी धुतला होता का. ती म्हणाली, "हो, तुमच्याकडे आणायच्या आदल्या दिवशीच धुतला ना, फार धूळ होती त्यावर."

मी त्यांच्या घरी गेले. मागचं अस्तर एका कोपऱ्यात आधीच उसवलेलं होतं, ते हळूच उचललं, आत टॉर्च मारला. आतली गादी काळीच राहिली. बाहेरचे धागे साबणाने चमकत होते पण आत जिथे पावडर पोचली नव्हती तिथे काहीच चमकत नव्हतं, सूत जुनंच होतं. कडेला दोऱ्याने कोटावर शिवल्याची भोकं होती, एका ओळीत, हाताने घातलेल्या टाक्यांची, थोडी वाकडी. मी आजोबांना सांगितलं की माझं चुकलं, या विंग्ज त्या काळातल्याच आहेत. ते म्हणाले, "आईने उगाच नसत्या जपून ठेवल्या." एवढंच. मला रागावले असते तरी चाललं असतं.

त्या दिवसापासून 'नकली' हा शब्द मी तोंडातून काढायच्या आधी तीनदा विचार करते. 'रेअर' हा शब्दही. दोन्ही शब्द वस्तूबद्दल असतात असं आपल्याला वाटतं, पण समोर माणूस बसलेला असतो.

धातूच्या बॅजचं शास्त्र त्यामानाने सोपं आहे, निदान मला तरी सोपं वाटतं. खरा बॅज बहुतेक वेळा पोलादी साच्याने ठोकलेला असतो, त्यामुळे पिसांच्या रेघा भिंगाखाली धारदार दिसतात. नक्कल करणारा बहुतेकदा खऱ्या बॅजवरून साचा घेतो आणि त्यात धातू ओततो, मग रेघा बोथट होतात, बारीक बारीक खड्डे पडतात, आणि धातू थंड होताना आकसतो म्हणून नक्कल मूळ बॅजपेक्षा किंचित लहान भरते. किंचित म्हणजे डोळ्याला दिसणार नाही पण कॅलिपरला कळेल इतकी. मग मागे जा, पिन कशी झाळलीय ते बघा, झाळल्यावर राहिलेला डाग किती जुना आहे ते बघा. अमेरिकन विंग्जवर मागे स्टर्लिंगचा, म्हणजे चांदीच्या शुद्धतेचा, शिक्का आणि बऱ्याचदा कारखान्याचं नाव असतं. मागे पिनेऐवजी दोन खिळे आणि त्यावर बसणाऱ्या टोप्या असतील तर ते युद्धानंतरचं असा एक समज आहे, तो चुकीचा आहे, टोपीवाले युद्धातच सुरू झाले होते. असे किती तरी समज हातोहात फिरतात आणि त्यापायी कितीतरी खरे बॅज खोट्यांच्या डब्यात जाऊन पडतात.

लुफ्टवाफेच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन हवाई दलाच्या, बॅजबद्दल मी थोडक्यातच लिहिणार आहे. त्यांचा गरुड वेगळा आणि पानांचं कडं वेगळं करून मागून दोन रिव्हेटनी जोडलेलं असतं, बर्लिनच्या युंकरसारख्या कारखान्यांचे शिक्के असतात, सुरुवातीचे बॅज चांगल्या धातूचे आणि युद्ध लांबत गेलं तसे जस्ताचे, म्हणून शेवटच्या काळातले राखाडी आणि मलूल दिसतात, आणि ते मलूल असणंच बरोबर असतं. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा करून जुने बॅज स्वस्तिकाशिवाय लावायची परवानगी दिली, त्यामुळे त्या आवृत्त्याही सापडतात. या बॅजची जेवढी नक्कल झालीय तेवढी दुसऱ्या कशाची क्वचितच झाली असेल, कारण लोकांना तेच हवे असतात. मला ते हातात धरवत नाहीत फार वेळ. अभ्यास म्हणून बघते, ठेवून देते.

त्यापेक्षा मला पोलंडच्या वैमानिकांचा बॅज आवडतो. चांदीचा गरुड उडत असतो, चोचीत पानांचं कडं, आणि वर छोटी साखळी. व्वाडिस्वाव ग्रुबेर्स्की नावाच्या शिल्पकाराने १९१९ मध्ये केलेलं डिझाइन, पोलिश लोक त्याला लाडाने 'गापा' म्हणतात. ज्याने प्रत्यक्ष लढाईत उड्डाणं केली त्याच्या बॅजवर ते कडं हिरवं असतं. आणि त्यांच्या पॅराशूटवाल्यांचा, १९४१ चा, त्यात गरुड झेप घेऊन खाली येतोय, आणि उलटा केला की मागे कोरलेलं असतं 'तोबिए ओयचिझ्नो', म्हणजे 'तुझ्यासाठी, मातृभूमी'. देश नकाशावरून गेलेला, ही माणसं परक्या देशात परक्या भाषेत हुकूम ऐकतायत, आणि हे वाक्य छातीवर पुढे मिरवत नाहीत, ते आतल्या बाजूला, अंगाला लागून ठेवलंय. मी पहिल्यांदा तो उलटा केला तेव्हा बराच वेळ तसाच हातात धरून बसले होते.

बघा, परत मागची बाजूच आली.

इर्विन पॅराशूट कंपनीचा सुरवंटाचा बॅज घ्या. १९२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत डेटनजवळ मॅकूक फील्डवर हॅरल्ड हॅरिस नावाच्या लेफ्टनंटचं विमान हवेतच मोडलं, त्याने पॅराशूटने उडी मारली आणि वाचला. त्यावरून कॅटरपिलर क्लब निघाला, पॅराशूटने जीव वाचलेल्यांचा. सुरवंट का, तर रेशमाचा धागा तो विणतो आणि त्या धाग्यावर माणूस लटकून खाली येतो. सोन्याचा इवलासा सुरवंट, बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही, पुढून बघितलं तर नुसता दागिना, आणि मागे त्या माणसाचं नाव कोरलेलं. युद्धकैद्यांच्या छावण्यांमधून सुद्धा लोकांनी कंपनीला पत्रं लिहिली की माझा जीव तुमच्या पॅराशूटने वाचला. हा बॅज जेव्हा मागचं नाव घासून विकायला येतो तेव्हा मला राग येतो, खरंच राग येतो, कारण ते नाव हाच तो बॅज आहे, बाकी नुसतं सोनं.

आणि मग गोल्डफिश क्लब. समुद्रात विमान पडूनही जे लाइफ जॅकेट नाहीतर रबरी होडीच्या जिवावर वाचले त्यांच्यासाठी १९४२ मध्ये सुरू झाला. युद्धात धातू मिळेना म्हणून बॅज कापडाचा केला, आणि कापडही मिळेना म्हणून लोकांनी दिलेल्या जुन्या काळ्या समारंभी सुटांचे तुकडे वापरले, त्यावर पंखवाला सोनेरी मासा आणि खाली लाटांच्या दोन निळ्या रेघा. म्हणजे कुणीतरी युद्धापूर्वी मेजवानीला घालायचा कोट, त्याचा तुकडा, आणि तो उत्तर समुद्रातून ओढून काढलेल्या पोराच्या अंगावर. युनिफॉर्मवर तो लावायची परवानगी नव्हती. म्हणून पोरं तो खिशाच्या फ्लॅपच्या आतून शिवायची. फ्लॅप उचलला की मासा. मैत्रिणींना, मित्रांना दाखवायचा आणि परत फ्लॅप खाली.

तसाच तो वाळवंटातला पंख लावलेला बूट. उत्तर आफ्रिकेत ज्यांचं विमान शत्रूच्या हद्दीत पडलं आणि जे चालत, रांगत, कसेबसे आपल्या लोकांत परत आले त्यांचा लेट अरायव्हल्स क्लब, १९४१ चा. सरकारी कागदावर याला काही किंमत नव्हती. मला मात्र हे असे बेकायदा बॅज सगळ्यात खरे वाटतात. सरकारी बॅज सांगतो की हा माणूस काय शिकला. हे सांगतात की त्याच्यावर काय गुजरलं.

उलटंही असतं. ब्रिटिशांचं पाथफाइंडर फोर्स, डॉन बेनेट नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली १९४२ च्या ऑगस्टमध्ये उभं राहिलं, रात्री सगळ्यांच्या पुढे जाऊन लक्ष्यावर रंगीत उजेड टाकणारे. त्यांना सोनेरी गरुड मिळायचा, पदकांच्या फितींच्या खाली खिशावर लावायला. पण मोहिमेवर जाताना तो लावायचा नाही असा नियम. म्हणजे ज्या कामासाठी तो मिळाला ते काम करताना तो कधी अंगावर नसायचा, मागे खोलीत राहायचा. आज एखादा पाथफाइंडरचा गरुड चकचकीत, न घासलेला दिसला तर मी लगेच शंका घेत नाही. काही गरुडांचा माणूस परत आलाच नाही, ते घासले जाणार कुठून?

स्त्रियांचे बॅज हा वेगळाच विषय आहे, पण एक सांगते. अमेरिकेत वास्प म्हणून स्त्री वैमानिकांची तुकडी होती, १,०७४ जणी ट्रेनिंग पूर्ण करून बाहेर पडल्या, ३८ जणी काम करताना मेल्या, आणि सैन्य त्यांना सैनिक मानत नव्हतं, नागरी नोकर मानत होतं. सैनिकाचा दर्जा मिळायला १९७७ उजाडलं. पहिल्या काही वर्गांच्या विंग्जचा खर्च जॅकलिन कॉक्रन या त्यांच्या प्रमुख बाईंनी पदरचा केला, मधल्या ढालीवर आपापल्या वर्गाचा क्रमांक. नंतरच्या वर्गांना ढालीच्या जागी चौकोनी पतंगाच्या आकाराचा, साधा, गुळगुळीत असा सरकारी बॅज मिळाला. संग्राहक सुरुवातीच्या विंग्जच्या मागे धावतात कारण त्या कमी आहेत. कमी आहेत कारण सरकारने त्या दिल्याच नव्हत्या.

आणखी एक गोष्ट जिच्यामुळे माझी मोजपट्टीवरची श्रद्धा उडाली. चीन, ब्रह्मदेश आणि भारताच्या आघाडीवर जे अमेरिकन वैमानिक होते त्यांनी आपल्या विंग्ज आणि खांद्यावरचे बिल्ले भारतातल्या कारागिरांकडून करून घेतले, जरीत, रेशमात, काही तर चामड्याचे तुकडे जोडून. लाल-पांढरे पट्टे, वर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा. जरीकाम करणाऱ्या ज्या हातांनी आयुष्यभर वेली आणि मोर भरले त्यांनी समोर ठेवलेला एक बिल्ला बघून गरुड भरला, ढाल भरली, आणि ती आपल्या पद्धतीने भरली. कुठे सूर्याला एक किरण जास्त, कुठे पंखाला मोराच्या पिसाची लकब. असे दोन बिल्ले तंतोतंत सारखे नसतात. कारखान्यातल्या मापाने बघणारा म्हणणार हे चुकलंय, नियमात बसत नाही. आणि हेच खरे. त्या वैमानिकांची नावं निदान काही कागदांवर आहेत. ते भरणाऱ्याचं नाव कुठेच नाही, फक्त मागे त्याच्या गाठी आहेत. प्रत्येक कारागिराची धागा संपवायची पद्धत वेगळी असते, आणि मला एकदा दोन वेगवेगळ्या संग्रहांतल्या दोन बिल्ल्यांच्या मागे सारखीच गाठ दिसली होती, तिरकी, दोनदा फिरवून आत खोचलेली. एकाच माणसाचा हात असेल का ते, मला सांगता येणार नाही. पण असावा असं फार वाटतं.

अक्षरं मात्र कधीकधी सरळ उत्तर देतात. भारतीय हवाई दल १९३२ चं, पण त्याच्या नावापुढे 'रॉयल' लागलं १९४५ च्या मार्चमध्ये आणि १९५० मध्ये गेलं. त्यामुळे रॉयलसकट अक्षरं असलेला बॅज कुणी १९४२ च्या लढाईत लावला होता म्हणून दाखवत असेल तर बॅज खरा असू शकतो, गोष्ट नाही. अशा वेळी काय बोलायचं हे मला अजूनही नीट जमत नाही. बऱ्याचदा आजोबांनी ती गोष्ट सांगितलेली नसते, ती घरात कुणीतरी नंतर जोडलेली असते, प्रेमापोटीच.

फोटोंवरही असाच भाबडा विश्वास नको. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग कळायचा नाही, लाल काळा दिसायचा आणि निळा फिकट, त्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या फोटोंवरून फितींचे रंग ओळखायला गेलं की घोळ होतो. आणि फोटो उलटा छापलेला असेल तर पंख उजव्या छातीवर जातात. तेव्हा आधी कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते बघायचं. पण इथेही घाई नको, कारण ईगल स्क्वाड्रनमधले अमेरिकन ब्रिटिशांकडून लढून १९४२ च्या सप्टेंबरात आपल्या दलात गेले तेव्हा त्यांनी डावीकडे अमेरिकन विंग्ज लावल्या आणि उजवीकडे ब्रिटिश विंग्ज ठेवल्या. उजवीकडे पंख दिसला की फोटो उलटा, असं म्हणणाऱ्याच्या हातून तो माणूसच निसटतो.

तिसऱ्या रात्री मैत्रिणीचे फोटो आले. एक नाही, सहा.

'ओ'ची मागची बाजू. विटकं, पिवळटलेलं सुती अस्तर, मध्ये घामाचा तपकिरी नकाशा. कडेने भोकांच्या दोन ओळी. दोन. एक ओळ बारीक, नेटकी, मशिनची, त्यात गडद निळ्या दोऱ्याचे दोन-तीन तुकडे अजून अडकलेले. दुसरी ओळ हाताची, मोठाले टाके, काळा दोरा. म्हणजे हा पंख एका कोटावर शिवला गेला, मग उसवला गेला आणि दुसऱ्या कोटावर परत, यावेळी हाताने, शिवण फारशी न येणाऱ्या कुणीतरी. मी तिला टॉर्च वगैरे काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "धुतला नाहीस ना?" ती म्हणाली, "नाही गं, हात लावायलाच भीती वाटते." मी म्हटलं, धुऊ नकोस, इस्त्री करू नकोस, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस, साध्या पांढऱ्या सुती कापडात ठेव आणि कसर लागत नाही ना ते अधूनमधून बघ.

मी तिला लिहिलं की माझ्या मते हा त्या काळातला आहे आणि प्रत्यक्ष वापरलेला आहे. 'ओ' म्हणजे काय ते सांगितलं. ते नवा 'एन' न लावता हाच दुसऱ्या कोटावर परत शिवून घेणाऱ्यांपैकी असतील असं मला वाटतं, हेही सांगितलं, पण "वाटतं" हा शब्द ठेवून. ती बराच वेळ टाइप करत होती. मग आलं, "ते कधीच काही बोलायचे नाहीत म्हणे. घरात कुणालाच माहीत नव्हतं ते विमानात काय करायचे."

उरलेले फोटो कोटाचे होते, ट्रंकेत तळाशी तोही निघाला होता, राखाडी-निळा, आखूड, बटणं झाकलेली. डाव्या छातीवर पंखाच्या आकाराएवढी जागा बाकी कापडापेक्षा गडद, आणि भोवती मोठ्या टाक्यांची भोकं, काळ्या दोऱ्याची. जुळत होती. मी ते फोटो एकेक करून मोठे केले. शेवटचा फोटो तिने चुकून काढला असावा, खिशाचा फ्लॅप तिच्या अंगठ्याने अर्धवट उचलला गेला होता. फ्लॅपच्या आतल्या बाजूला एक बोटभर लांबीचा आयताकृती ठसा होता, त्याच्या चारी कडांना बारीक भोकं, आणि एका कोपऱ्यात काळ्या कापडाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा अजून दोऱ्याला धरून होता.

माझे हात गार पडले. मला माशाचं नाव लिहायचं होतं. फोन हातात घेऊन मी ते लिहिलंसुद्धा, अर्धी ओळ, मग पुसलं. ठशात मासा दिसत नव्हता, लाटा दिसत नव्हत्या. एक काळा तुकडा आणि भोकं, तेवढंच होतं. मला ते आजोबा आठवले, रुमालाची घडी घालणारे. तिथे मी नसलेलं नकलीपण बघितलं होतं, इथे नसलेला मासा बघायला किती सोपं होतं.

"फ्लॅपच्या आत काहीतरी शिवलेलं होतं," मी तिला लिहिलं. "ट्रंक परत एकदा नीट बघशील? कोपऱ्यात, अस्तराच्या आत, छोटा काळा कापडाचा तुकडा असेल तर. आणि सापडला तर आधी उलटा करून फोटो पाठव."

तिने अंगठा पाठवला. ट्रंक आता रविवारी उघडणार आहेत.